दोन पांढरे ठिपके

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे आणि तुझा हा बाबाही आहे आपला, पाठीचा काटा तेवढा ढिला झालाय. तुला दोनदा फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. तोंडाने जमत नाही ते कागदावर जमतंय का बघतो. थकलोय गं. चार दिवस गाडीखालीच काढलेत.

सर्व्हेवाल्यांची ती फोर-व्हील गाडी परत आलीय, तू चार इंच उचलून उंच करून दिलेली. सहा महिने बिचारे पन्नासच्या खालीच चालवत होते, कारण साठ झाले की सीट थरथरते आणि आरशात मागची एक गाडी दोन दिसते. आता वैतागून म्हणाले, उंची काढा आणि होती तशी करून द्या. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. तुझं काम उतरवायचं आणि वर माझंच खरं होतं म्हणायचं! म्हणून स्प्रिंगा खोलायच्या आधी तुझी चूक नेमकी कुठे आहे ती शोधायला बसलो.

आधी चाकं बदलून पाहिली, बॅलन्स केली. थरथर कायम. दुसऱ्या दिवशी साठच्या वर नेऊन गियर काढला, गाडी नुसती घरंगळू दिली, तरी थरथरतेच. म्हणजे दोष इंजिनाचा नाही, चाकांबरोबर फिरणाऱ्या कशाचा तरी. मग पुढची चाकं फिरवणारा शाफ्ट काढून नुसत्या मागच्या चाकांवर चालवली. तेच. राहिला मागचा शाफ्ट. गाडी उचलली की तो जास्त तिरका होतो, इथेच आपली बाई फसली, म्हटलं. कोन मोजले. तो तिरपेपणा सांभाळायला तू ॲक्सलवर ज्या पाचरी घातल्यास त्या इतक्या बिनचूक निघाल्या की मी चिडून तीनदा मोजल्या. शेजारच्या लेथवाल्या टर्नरलाही मोजायला लावल्या. तो गालातल्या गालात हसला तेवढं.

आज सकाळी शाफ्ट उतरवून बाकावर घेतला. ग्रीस पुसताना अंगठ्याला काहीतरी खरबरीत लागलं. आईचा चष्मा नाकावर चढवला, बॅटरी धरली, आणि दिसले तुझे ठिपके. शाफ्टचे दोन तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात; खोलायच्या आधी दोन्हींवर पांढऱ्या रंगाचा एकेक ठिपका द्यायचा, म्हणजे परत बसवताना ते समोरासमोर येतात. तुझी ती सवय, जिला मी बालवाडीची चित्रकला म्हणायचो. ते समोरासमोर नव्हते. एका दात्याने सरकले होते.

हे तुझ्या हातून झालेलं नाही. तू मावशीकडे दोन दिवस गेली होतीस ना, तेव्हा ती गाडी ग्रीसिंगला आली होती. शाफ्ट मीच ओढून वेगळा केला आणि अंदाजाने परत बसवला. ठिपके बघितले नाहीत असं म्हणणार होतो, पण ते मला दिसलेच नव्हते. डोळे तेव्हाच गेले होते. कुणाला बोललो नव्हतो. साध्या गाडीत एक दाता खपून गेला असता, उचललेल्या गाडीत नाही खपत. दुसऱ्याच दिवशी सर्व्हेवाले तक्रार घेऊन आले, आणि मी त्यांच्यासमोर, टर्नरसमोर सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडलं. तू हात पुसलेस आणि घर सोडून गेलीस.

दुपारी ठिपके जुळवून शाफ्ट चढवला आणि गाडी ऐंशीला नेली. आरसा जागचा हलला नाही. मग गाडी कडेला लावली आणि बसल्या जागी रडलो. इतका लाजलो नव्हतो मी आयुष्यात.

आई सांगते, तिकडे तू स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर बसतेस, पान्याला हात लावत नाहीस, आणि कुणी विचारलं तर माझ्या हातून गाड्या बिघडतात म्हणतेस. ते वाक्य माझं आहे, ठमे. आणि ते खोटं आहे. सर्व्हेवाल्यांना सांगून झालं, टर्नरलाही सांगितलं. ज्यांच्यासमोर बोललो होतो त्यांच्यासमोरच कबूल केलं. तू राहिली होतीस. मला माफ कर. इथे यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर मी समजेन. पण त्या काउंटरवरून ऊठ, आणि जी मिळेल त्या गाडीखाली जा.

तुझाच,
चुकलेला बाबा