शाईचा डबा, चहाचा डबा

३ मार्च

दोन्ही डबे एकत्र ओतायला तुला सांगितलं कुणी? तुझा बाप फोनवर कौतुकानं सांगतो, की लेकीनं आजोबांच्या कार्डांच्या जोड्या लावून रबरानं बांधल्या. कपाळ माझं!

चि. टिटवीस आजीचे अ. आ.

छापखान्यात प्रुफं तपासता तपासता त्यांनी एकसारखे दिसणारे इंग्रजी शब्द कार्डांवर उतरवले. पण ‘अ‍ॅक्सेप्ट’ एका डब्यात, ‘एक्सेप्ट’ दुसऱ्यात. एकाशी आठवडाभर ओळख झाल्याशिवाय दुसऱ्याला घरात घ्यायचं नाही, असं म्हणायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांची एकही चूक कधी छापून गेली नाही. तू दोघांना शेजारी बसवून घोकतेस, मग पेपरात ‘चूक शोधा’ आलं की बावचळतेस. भरतीच्या परीक्षेत दोनदा आपटलीस. हीच शेवटची संधी, पुढं वय उलटेल. आधी डबे वेगळे कर.

आजी


९ मार्च

ती. आजीस सा. न.

चुकलं गं. रागव, पण मदत कर. अक्षर एकच, कागद एकच. कुठलं कार्ड कुठल्या डब्यातलं ते कसं ओळखू? परीक्षेला पाच आठवडे राहिलेत. आणि एक कार्ड एकटंच आहे. ‘बिसाइड्स’ सापडलं, ‘बिसाइड’ नाही. मी हरवलं नाही, शपथ.

तुझी टिटवी


१४ मार्च

चि. टिटवीस अ. आ.

डोळे आहेत ना? मग कार्डं उजेडात धर. एक डबा ते छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत उघडायचे, त्यावर शाईचे अंगठे. दुसरा घरी, सकाळच्या चहाला. मी कार्डावरचं एकेक इंग्रजी अक्षर वाचायची, मला तेवढंच शिकवलेलं. ते डोळे मिटून त्या शब्दाचं अख्खं वाक्य म्हणायचे. कप मी कार्डावरच टेकवायची. रोज ओरडा खायची, रोज टेकवायची. तेव्हा शाई एकीकडे, चहा एकीकडे. झालं.

एकट्या कार्डाचं ऐक. त्याची जोडी त्यांच्या शेवटच्या सदऱ्याच्या खिशात होती. मी खिसा न चाचपता सदरा धुतला. हातात लगदा आला. आजवर कुणाला बोलले नाही, तूही बोलू नकोस. ते कार्ड तुझ्या अक्षरात लिही आणि वर चहाचा कप टेकव.

माझी माया खरखरीत आहे, तशीच चालवून घे. निकाल कसाही लागो, तूच लिहायचं. पाकिटावर तुझ्या बापाचं अक्षर दिसलं, तर मी ते फोडणार नाही.

आजी