ज्याच्या त्याच्या आवडीचं मासिक

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी ११.
आज माझ्यावर झालेला अन्याय नोंदवून ठेवतो. पुढेमागे चौकशी आयोग बसला तर तारीख-वेळ हाताशी असावी. लायब्ररीतून आणलेल्या मासिकात 'तुमचा खरा छंद ओळखा' अशी प्रश्नावली होती. वीस प्रश्न. चहा बाजूला सारला, चष्मा पुसला, पेन उघडलं आणि पाहतो तर आधीच्या कुणा मेंबरने वीसच्या वीस ठिकाणी खुणा करून ठेवलेल्या. निळ्या बॉलपेनने. बावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी मला माझी आवड विचारली आणि उत्तर दुसराच देऊन गेला.
खोडून पाहिलं. प्रश्न सातला कागद फाटला.

दुपारी २.
नीट विचार केला. त्या माणसाची उत्तरं माझ्याशी बरीच जुळतात. गुण ७४. निष्कर्ष: 'बहुआयामी व्यक्तिमत्त्व. एका छंदात मावणार नाही.' मान्य.
नोव्हेंबरात मी ऑफिसला रामराम ठोकला. (ऑफिसचं म्हणणं, त्यांनी मला ठोकला.) आता वेळच वेळ. ठराव: घरातल्या प्रत्येकाची आवड हेरून त्याला त्याचं मासिक आणून द्यायचं. आम्ही तिघं. मी: फोटोग्राफी. शर्मिष्ठा: पाककला. दादा: ज्येष्ठ नागरिकांचं काहीतरी.

७ जानेवारी, मंगळवार
धोंडिरामच्या लायब्ररीत गेलो. मुलुंड पूर्वेला एवढी एकच उरली आहे. एका वेळी तीन मासिकं, आठ दिवस. धोंडिराम म्हणाला, साहेब, वहिनींना पाककला आवडते हे कशावरून? म्हटलं, चोवीस वर्षं रोज करतेय, उगाच करेल का?  त्यावर तो रजिस्टरमध्ये बघायला लागला.
शर्मिष्ठा बँकेतून साडेसातला आली, मासिक पाहिलं आणि त्यावर कुकर ठेवला. चला, वापरात तर आलं.

९ जानेवारी, गुरुवार
दादा म्हणजे माझे वडील. नाव शरच्चंद्र, वय एकोणऐंशी. सरकारी छापखान्यात छत्तीस वर्षं मुद्रितशोधक. हातात येईल त्या छापील कागदावर लाल पेनाने चुका काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. लग्नपत्रिका, लाइटबिल, सगळं. लायब्ररीची मासिकंही रंगवतात, म्हणून धोंडिराम दरवेळी माझ्याशी भांडतो.
आज त्यांनी परत दिलेला अंक चाळला. लाल खुणा फक्त पानांच्या खालच्या अर्ध्यात. वरचा अर्धा स्वच्छ. माझा निष्कर्ष: संपादक पानाची सुरुवात काळजीपूर्वक तपासतात, मग दमतात. यावर लेख होऊ शकतो.
शर्मिष्ठा म्हणते, दादांनी काल चहा कपाच्या बाहेर ओतला. घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली आहे. सोळा तारीख, साडेदहा. मला रजा नाही, तू घरीच असतोस, ने. 'घरीच असतोस' हे शब्द टाळता आले असते.

१६ जानेवारी, गुरुवार
फोटोग्राफीच्या अंकात लिहिलं आहे, सकाळचा पहिला प्रकाश हाच खरा गुरू. पाचला उठून भांडुपच्या पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो टिपायला गेलो. दहापर्यंत परतायचं हे डोक्यात होतं. पण पक्ष्यांना ते माहीत नव्हतं. मोबाइलची बॅटरी नवाच्या सुमारास संपली. घरी साडेबारा.
एकूण फोटो १६३. त्यातल्या चाळीसेक फोटोंत गुलाबी ठिपके आहेत. बाकी चिखल. अंक म्हणतो, संयम ठेवा.
दादा बाहेरच्या कपड्यांत बसले होते. म्हणाले, अरे, होतं असं, पक्षी दिसले ना? मोबाइल त्यांच्यापुढे धरला. बघून म्हणाले, झकास.
 नवीन तारीख घेतली आहे, ४ फेब्रुवारी, हे शर्मिष्ठाने रात्री फ्रिजवर लिहून ठेवलं.

२५ जानेवारी, शनिवार
दादा म्हणतात, हॉलमध्ये हल्ली उजेड कमी पडतो. बरोबर आहे. आपल्या लोकांना प्रकाशयोजना कळतच नाही. गृहसजावटीचा विशेषांक आणला. त्यातल्यासारखा उंच, उभा दिवा घेतला. किंमत लिहीत नाही. सौंदर्याची किंमत लिहू नये.

२९ जानेवारी, बुधवार
दादा दिव्यावर आपटले. कपाळाला टेंगूळ. मी म्हटलं, दादा, एवढा सहा फुटांचा दिवा दिसत नाही का तुम्हाला? ते म्हणाले, अरे, तू कालपर्यंत तो तिकडे ठेवला होतास. मी कुठेही हलवला नव्हता. पण वयाचा मान ठेवून सॉरी म्हटलं आणि दिवा खरंच हलवला.
खालच्या मजल्यावरच्या माणिकताई बर्फ घेऊन आल्या. पालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या, पण आवाज अजून नोकरीत आहे. अनिरुद्ध, दादांना दाखवलंस का रे कुणाला? म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. त्या म्हणाल्या, प्रोसेस म्हणजे काय, ते सांग.
हल्ली लोकांना स्वतःचा असा छंद नाही, हीच अडचण आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
वेलनेसच्या मासिकात 'डिजिटल उपवास' आहे. फेब्रुवारीचा पहिला मंगळवार उत्तम. मोबाइल, घड्याळ, बांधिलक्या, सगळं बंद. रात्रीच मोबाइल तांदळाच्या डब्यात पुरला.
दादा नऊपासून शर्ट-पँट, बूट घालून दाराशी खुर्चीवर. तीनदा विचारलं, निघायचं का रे? मी समजावलं की आज वेळेच्या पलीकडे राहायचं आहे, डॉक्टर कुठे पळून जात नाही. त्यांनी मान डोलावली.
एकच्या सुमारास त्यांनी आपल्या हाताने बूट काढले. एक सापडायला वेळ लागला. पायाशीच होता.
संध्याकाळी तांदळात अकरा मिस्ड कॉल.

५ फेब्रुवारी, बुधवार
शर्मिष्ठा बोलली. सगळं लिहीत नाही. सारांश: तुझ्या प्रत्येक छंदाला मुहूर्त सापडतो, बापाच्या डोळ्यांना नाही. आणि मला पाककलेचा तिटकारा आहे, हे चोवीस वर्षांत एकदा तरी विचारायचंस.
आता विचारलं. काय आवडतं? म्हणाली, शांतता. शांततेचं मासिक निघत नाही. धोंडिरामला विचारून बघतो.
तिसरी तारीख २५ फेब्रुवारी. या वेळी मी नेणार म्हणजे नेणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
धोंडिरामने परत आलेले अंक उलटेपालटे केले आणि विचारलं, साहेब, दादांची तब्येत बरी आहे ना? दोन आठवडे एक लाल खूण नाही. म्हटलं, मी शिस्त लावली. शिवाय मराठी छपाई सुधारली असणार. धोंडिरामने एक अंक उघडून माझ्यासमोर धरला. मथळ्यातच चूक होती. एवढी मोठी, मलाही दिसली.
म्हटलं, हल्ली ते मजकुरात रमतात, चुकांच्या पलीकडे गेलेत.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दादा आज सकाळी तासभर ज्येष्ठांचं मासिक घेऊन बसले होते. पान एकदाही उलटलं नाही. वेलनेसवाले याला 'संथ वाचन' म्हणतात. माझ्या उपक्रमातला सगळ्यात यशस्वी सदस्य.
विचारलं, कसा आहे अंक? म्हणाले, छान निवडतोस तू.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी ४.
अपॉइंटमेंट साडेअकराची. धोंडिराम लायब्ररी बंद करतोय, जुने अंक किलोवर काढतोय, हे सकाळी कळलं. म्हटलं, नऊला जाऊन दहाला परत. बोन्साय, सायकलिंग, बुद्धिबळ असे वेगवेगळे गठ्ठे लावताना वेळ गेला. बाराला परतलो तर घराला कुलूप.
दादा एकटेच निघाले होते. माणिकताईंना ते जिन्यात दिसले, भिंतीवरून हात फिरवत कठडा शोधत होते. कठडा दुसऱ्या बाजूला आहे. चाळीस वर्षं तिथेच आहे. माणिकताईंनीच घराला कुलूप घातलं, रिक्षा केली आणि दादांना घाटकोपरला घेऊन गेल्या. शर्मिष्ठा बँकेतून परस्पर पोचली.

रात्री १०.
काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्याला खालचा थोडा भाग दिसतो. गेलेली नजर येत नाही, उरलेली राखायची, असं डॉक्टर म्हणाले. शर्मिष्ठाने विचारलं, महिन्यापूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, तेव्हा किती होती ते आता सांगता येणार नाही. शर्मिष्ठाने हे मला जसंच्या तसं सांगितलं आणि आत निघून गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
ठराव: दादांसाठी ऑडिओ मासिक शोधणे. तीन ॲप डाउनलोड केली.
दादांना सांगायला गेलो. ते म्हणाले, अन्या, बस. दिवाळीपासून मला कळत होतं. मग बोलला का नाहीत, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. म्हणाले, तुझी नोकरी नुकतीच गेली होती रे. तू खोलीतून बाहेर येत नव्हतास. मग एकदम मासिकं आणायला लागलास, उत्साहात बोलायला लागलास. म्हटलं, चाललंय ते चालू दे. हातात धरून बसायला काय लागतं?
ॲप डिलीट केली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
किलोवर आणलेले गठ्ठे रद्दीवाल्याला दिले. ठराव नाही.

१ मार्च, शनिवार. रात्री ९.
ड्रॉप्स सकाळी आठ, रात्री आठ. आज दोन्ही वेळा मी घातले. सकाळी एक थेंब गालावर गेला. दादा म्हणाले, होतं असं.
नंतर माणिकताईंकडे उतरलो. रिक्षाचे किती झाले, विचारलं. जाताना एकशे बावन्न, येताना एकशे साठ. सुटे घेऊनच गेलो होतो. तीनशे बारा त्यांच्या हातात ठेवले. या बिल्डिंगमध्ये असल्या पैशांना कुणीही आधी म्हणतं, राहू दे रे, घरचंच आहे. मी थांबलो.
माणिकताईंनी पैसे मोजले, बरोबर आहेत म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.