घर आर्याला, तिच्या आईबापांना काही नाही

मी, श्रीमती सालोमी युजीन तुस्कानो, वय वर्षे ७२, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार गिरीज, वसई पश्चिम, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि चष्मा लावून लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. साखर माझ्या रक्तात वाढली आहे, डोक्यात नाही. माझ्यावर दडपण आणायचे प्रयत्न मात्र भरपूर झाले, दोन राज्यांतून झाले, आणि त्यांना कंटाळूनच मी हा कागद करते आहे.

कलम १. माझे पती युजीन वारले. मुलगा एकच, ऑस्टिन, माझ्याजवळ राहतो. त्याची बायको उन्नती, माहेरची मोहिते, वडोदऱ्याची मराठी मुलगी. तीन वर्षांपूर्वी दोघांचं फाटलं आणि ती लेकीला घेऊन माहेरी गेली. कोणाचं किती चुकलं हे मला नीट ठाऊक आहे, पण ते मी बरोबर घेऊन जाणार आहे. त्यांची मुलगी आर्या, वय नऊ, माझी एकुलती एक नात. ती कोणाकडे राहणार यावर दोघांचं कोर्टात भांडण चालू आहे आणि हल्ली त्यात माझं घरही ओढलं जातं आहे. माझ्यामागे या घराच्या जोरावर आर्याची ओढाताण होऊ नये, एवढ्यासाठीच पुढची सगळी कलमं आहेत.

कलम २. वारसांना पार्श्वभूमी माहीत असावी म्हणून लिहिते. ऑस्टिनने वसईच्या कोर्टात अर्ज केला, उन्नतीने वडोदऱ्याच्या. ऑस्टिनच्या अर्जात मी 'नातीचा सांभाळ करण्यास सर्वथा समर्थ' होते. उन्नतीच्या अर्जात त्याच महिन्यात 'वृद्ध व मधुमेही' झाले. दोन्ही खरं आहे, पण मला कोणी विचारलं नव्हतं. तिच्या वकिलाने आमच्या विहिरीपासून 'मुलीच्या जिवास धोका' असल्याचंही लिहिलं. त्या विहिरीवर युजीनने लोखंडी जाळी बसवली तेव्हा उन्नती शाळेत असेल. लग्नानंतर त्याच विहिरीच्या कट्ट्यावर बसून ती उन्हात केस वाळवायची, याची इथे नोंद व्हावी.

ऑस्टिन तर त्याच्याही पुढे गेला. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्याच कोर्टात असा अर्ज चालतो, असं त्याला वकिलाने सांगितलं. म्हणून आर्या कायम गिरीजलाच राहते असं माझ्या नावाचं प्रतिज्ञापत्र तो तयारच करून घेऊन आला.

"मम्मी, तू फक्त सही कर ना. सगळे करतात."

मी म्हटलं, "बाबा, मी जन्मभर शाळेत हजेरी घेतली. गैरहजर पोरीला हजर लावायची मला सवय नाही."

त्यानंतर तो बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. घरात छान शांतता होती.

कोणत्या राज्यात भांडायचं हे ठरवायला शेवटी दोघे दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. देशापुढे दुसरी कामं नसावीत. आर्याची शाळा वडोदऱ्याला, म्हणून खटलाही तिकडेच गेला. निकाल लागेपर्यंत शाळा असताना ती आईकडे आणि अर्धी सुट्टी बापाकडे, अशी व्यवस्था ठरली. तिला सोपवायची जागा मध्यावरची, वलसाड स्टेशन. तिथे एका बाकावर उन्नती, पलीकडच्या बाकावर ऑस्टिन आणि मधून आर्याची बॅग ओढणारी मी.

"मम्मी, ऑस्टिनला सांगा, खोकल्याचं औषध पुढच्या कप्प्यात आहे."

"मम्मी, तिला सांग, मला ऐकू येतं."

मागच्या दिवाळीत याच फलाटावर आर्याने माझा हात धरला. त्याआधी न्यायाधीश बाईंनी तिला आपल्या खोलीत बोलावून, कोणाकडे राहायला आवडेल, असं विचारलं होतं. बाई प्रेमाने बोलल्या, असं तीच म्हणाली. मग हळू आवाजात मला विचारलं, "आजी, मी एकाचं नाव सांगितलं तर दुसरं मला घ्यायला येणार नाही का?" तिने कोणाचंच नाव सांगितलं नव्हतं. मला तिथे सगळ्यांदेखत रडू आलं, आणि त्या दोघांचा असा राग आला की तो अजून उतरलेला नाही.

कलम ३. गिरीज येथील राहतं घर, विहीर आणि मागची केळीची वाडी ही माझी स्वतःची मिळकत आहे. जमीन युजीनने बक्षीसपत्राने मला दिली, भिंती माझ्या पगारातून उभ्या राहिल्या. ऑस्टिनचं म्हणणं, "घर आत्ताच माझ्या नावावर कर, कोर्टात वजन पडेल." उन्नतीचा फोन, "मम्मी, घर आर्याच्या नावावर करा आणि पालक म्हणून मला लावा." या विषयात दोघांपैकी कोणाचंही चिमूटभरसुद्धा वजन पडू नये, म्हणून ही सर्व मिळकत मी आर्याला देते. अठरा वर्षं पूर्ण झाली की तिने तिथे राहावं, भाड्याने द्यावं किंवा विकून टाकावं. विकलं तरी मी भूत होऊन येणार नाही.

कलम ४. तोपर्यंत या मिळकतीचे विश्वस्त म्हणून शेजारचे श्री. प्लासिड लोपीस यांना नेमते. हे वाचून गावात हसतील. या गृहस्थांनी आमच्या दोघांच्या मधली भिंत माझ्या बाजूला हातभर सरकवून बांधली आहे. सरकारी मोजणी झाली, फादर मध्ये पडले, भिंत तिथेच आहे. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि मेल्यावरही करण्याचा विचार नाही. बिल्डरची माणसं जागा विकत मागायला त्यांच्याकडे पेढे घेऊन आली तेव्हा त्यांनी पेढे ठेवून घेतले आणि माणसं परत पाठवली. ऑस्टिन गयावया करो की उन्नतीचा वकील नोटीस पाठवो, हा माणूस कोणालाही हातभर जागा सोडणार नाही. आर्याच्या घराला असाच राखणदार हवा. मी विचारायला गेले तेव्हा ते म्हणाले, "सालूबाय, मेल्यावर पन मना कामाला लावतेस? करीन. पन भिंत हलनार नाय."

कलम ५. आर्या सज्ञान होईपर्यंत घराचे नियम असे. तिच्या सुट्टीत आई आणि बाप दोघांनाही इथे राहण्याची मुभा आहे, हक्क नाही. एकाच वेळी राहिले तरी चालेल. पुढची खोली उन्नतीची, कारण तिथला पंखा चांगला आहे. ऑस्टिनने माळ्यावर झोपावं, त्याला सवय आहे. घराचे, विहिरीचे किंवा माझ्या म्हातारपणाचे फोटो कोणत्याही कोर्टात दाखल करू नयेत. आणि आर्याला, तुला कोण जास्त आवडतं, असं या घरात विचारणाऱ्याला प्लासिड यांनी त्याच दिवशी बाहेर काढावं, मग ते फादर असोत की माझी सख्खी बहीण. बहीण विचारेलच.

कलम ६. शिलाई मशीन त्याच बहिणीला. तिने ते चाळीस वर्षांत तीनदा मागून नेलं आणि तीनदा बिघडवून आणलं, आता तिच्याकडेच बिघडू दे. बँकेत जे असेल त्यातून माझं दफन करावं, उरेल ते आर्याच्या शिक्षणाला. फादरांनी प्रवचन आटोपतं घ्यावं, मी जिवंतपणी पुरेशी ऐकली आहेत. मी प्रेमळ होते असं कोणी म्हणू नये, माझे विद्यार्थी हजर असतील. माझी पोवळ्यांची माळ शोधू नये. ती मी नाताळात उन्नतीच्या हातात दिली आहे.

कलम ७. ऑस्टिन आणि उन्नती यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

हे कलम टाइप केलेलं नाही. दोघे समोर बसले असताना मी ते हाताने लिहिते आहे. माझी वकील टिफनी डाबरे, जी चौथीत माझ्या वर्गात होती, तिने मला सांगितलं की मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून काही घेता येत नाही. शिवाय म्हातारीचं डोकं फिरलं होतं असं त्याला नंतर म्हणायची सोयही राहत नाही. माझे साक्षीदार तिथेच ठरले. साक्षीदारांनी वेगवेगळ्या वेळी सही केली तरी कायद्याला चालते, असंही ती म्हणाली. कायद्याला चालत असेल, मला चालत नाही. म्हणून या खेपेला मी गुडघ्यांचं निमित्त काढून वलसाडला जायचं नाकारलं आणि उन्नतीला आर्यासह इथे बोलावून घेतलं.

टिफनीने आत्ता सगळं वाचून दाखवलं. ऑस्टिन म्हणाला, "म्हणजे मला काहीच नाही?" उन्नती म्हणाली, "मलाही नाही." बाहेर आर्या प्लासिडच्या कुत्र्याला गुजरातीत दटावते आहे, ते इथवर ऐकू येतं.

मी त्यांना सांगितलं की सही करायची सक्ती नाही. नाही केलीत तर मी दुसरे साक्षीदार आणेन, घर तरीही आर्यालाच आहे. पण तुमच्या खटल्याचे एवढे कागद झाले, आणि प्रत्येकावर तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध आहात. मोठी झाल्यावर ती ते सगळे वाचेल. एक तरी कागद असा असू दे, ज्यावर तुम्ही दोघे तिच्या बाजूने आहात.

ऑस्टिन खाली बघत राहिला. उन्नतीने कागद जवळ ओढला, नाव आणि पत्ता लिहिला आणि थांबली. "मम्मी, इथे 'नाते' विचारलंय. मी काय लिहू? सून की..."

ऑस्टिन तिच्याकडे बघून म्हणाला, "आर्याची आई. असं लिही."

तिने लिहिलं. मग त्याने तिच्याकडेच पेन मागितलं.

आता दोघे बघत आहेत आणि मी सही करते.

ठिकाण: गिरीज, वसई
दिनांक: १० मे २०२६, रविवार

(सही) सालोमी युजीन तुस्कानो

वरील सही मृत्युपत्रकर्तीने आमच्या डोळ्यांदेखत केली. तिचे डोके ठिकाणावर आहे. आम्ही दोघांनी एकमेकांच्या समोर सह्या केल्या आहेत.

साक्षीदार:

१. (सही) उन्नती मोहिते, राहणार वडोदरा, राज्य गुजरात. नाते: आर्याची आई.

२. (सही) ऑस्टिन युजीन तुस्कानो, राहणार गिरीज, वसई, राज्य महाराष्ट्र. नाते: आर्याचे बाबा.