‘वास नाही’ असा शेरा

उज्जैन, दि. ९ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. मंगलाताईस धाकट्या गोपाळचा नमस्कार. तुझे कार्ड पोचले. बाळाला दात येत आहेत हे वाचून बरे वाटले. दादांची तब्येत चांगली आहे, रोज राम घाटावर यजमानांची पिंडदाने चालवतात. माझी नोकरीही ठीक आहे.

मागच्या रविवारी देवासला येऊन न जेवता परतलो, म्हणून तू रागावलीस. पोट दुखते म्हणालो, ते खोटे होते. तुझ्या ताटाला हात लावताना मला माझीच किळस आली.

ताई, मी ‘गुरांचे खाते’ म्हणतो ते डुकरांचे आहे. सरकारी केंद्रात मी कारकून. नवे राज्य होऊन राजधानी भोपाळला गेल्यापासून सरकारी नोकरीत कोण कायम होणार ते ठरत नाही, म्हणून मिळेल ती जागा धरली.

डुकरांना पुष्टीसाठी कोंड्यात माशाचे तेल घालतात. पिंप उघडले की मला उमासे येतात. ते तेल चरबीत उतरते. चरबी मऊ, पिवळी पडते आणि मांसाला मासळीची घाण येते. म्हणून आधी एकच डुक्कर कापून त्याची चरबी तव्यावर तापवायची, कारकुनाने हुंगायची आणि रजिस्टरात शेरा लिहायचा. वास आला तर तेल बंद करून बाकीची सहा आठवडे थांबवायची.

मी कापराचा रुमाल नाकाशी धरून लांब उभा राहिलो. राखणदार माणिक तवा घेऊन जवळ आला. म्हणाला, “बाबूजी, मछली की बास है. एक बार सूंघ तो लो.” मी त्याला दूर हो म्हटले, आणि सुवाच्य अक्षरात ‘वास नाही’ लिहिले.

त्या शेऱ्यावर बाकीची अकरा डुकरे कापली. महूच्या लष्करी छावणीला पाठवलेले सगळे मांस मासळीची घाण येते म्हणून परत आले. केंद्राच्या साहेबांनी रजिस्टर पाहिले. तपासणीत वास नव्हता, म्हणजे माणिकनेच मागाहून जास्त तेल ओतले, असे ठरवून त्याला काढले. मी समोर उभा होतो. जाताना तो साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, “आपने तो सूंघा ही नहीं था.”

आज ते मांस पुरण्याआधी मी एक तुकडा तव्यावर टाकला आणि रुमालाशिवाय वाकून हुंगला. कुजलेल्या मासळीचा भपकारा आला. तिथेच ओकलो. मग हात धुऊन साहेबांना सगळे लिहून दिले, माणिकला परत घ्या असेही लिहिले.

आता घाटापर्यंत बातमी जाईल. भिक्षुकाचा मुलगा डुकरांच्या खात्यात आहे हे कळल्यावर दादा मला घरात घेणार नाहीत. तुझ्याकडे येऊ का, एवढे कळव. नाही म्हणालीस तरी राग नाही.

ओसरीवर ठेवशील तरी चालेल असा,
गोपाळकृष्ण