तीन मजले खाली

३ मार्च

झाली एकदाची गादी शिवून! निळी. बायकोला निळा रंग आवडतो. शिंपी म्हणाला, "खुर्ची कुठाय?" म्हटलं, व्हायचीय अजून. हसायला लागला — "म्हणजे बाजारात तुरी!" हसू दे.

जन्मभर लोकांच्या इमारतींत लिफ्ट बसवतोय आणि माझीच बायको तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलीय. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! अपघातात पाय गेले तेव्हापासून एकदाच बाहेर पडली, तपासणीसाठी. चौघांनी चादरीत धरून नेली आणि तशीच आणली. घरी आल्यावर म्हणाली, "मढ्यासारखं नेलंत मला." मग रडली. मीही रडलो, पण मोरीत जाऊन, नळ सोडून.

जिना उतरणारी खुर्ची करणार. करणार म्हणजे करणारच.

७ मार्च

फोरमनला चित्र दाखवलं, गादीही दाखवली. त्याला आम्ही कटकट्या म्हणतो ते काही उगाच नाही. "गादी काय दाखवतोस लेका? नवी लिफ्ट तपासताना आपण आधी आरसा लावतो की ब्रेक बघतो?"

ब्रेक.

"मग! ज्यानं सगळंच बोंबलेल ते आधी तपासायचं. सोपं आहे ते नंतरही होतं. सोपं असतं म्हणूनच आधी करावंसं वाटतं."

घरी येताना तेच डोक्यात. कशानं बोंबलेल? जिन्याच्या वळणानं! चिंचोळं आहे, वर कठडा पुढे आलेला. तिथे खुर्ची वळली नाही तर सगळं मुसळ केरात.

९ मार्च

फळ्या ठोकून, चाकं लावून खुर्चीएवढा सांगाडा केला, त्यावर तिच्या वजनाचं वाळूचं पोतं बांधलं. वळणावर अडकला! शेजारच्या काकू ओरडल्या, भिंतीचा रंग गेला म्हणून. आणि मी खूश. लोखंड कापायच्या आधी कळलं ना!

वर जाऊन तिला सांगितलं. ती खिडकीशी होती. "बस ना जरा इथे," म्हणाली. बसलो की. बसून मोबाइलवर पायऱ्यांवरून सरकणाऱ्या रबरी पट्ट्यांची मापं बघितली.

१२ मार्च

पुन्हा अडकला. च्यायला!

२० मार्च

वळला! मागची चाकं आत घेतली आणि लोण्यातून सुरी जावी तसा वळला. पोतं खालपर्यंत गेलं, फाटकापर्यंत ढकलत नेलं. धावत वर आलो.

"म्हणजे माझ्याआधी पोतं फिरून आलं," ती म्हणाली.

मी हसलो. ती नाही हसली. म्हणाली, "खाली उतरल्यावर मी कुठे जायचं?"

"कुठे म्हणजे? फाटकापर्यंत. आणि मग परत वर."



२६ मार्च

मेहुणी आली होती. तळमजल्यावर राहते ती, पुढे अंगण. पुन्हा तेच टुमणं — "ताईला माझ्याकडे पाठवा ना, माणसांत राहील." झापलं तिला. ताईचा नवरा मेला नाहीये अजून, म्हटलं! बायको भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "खुर्ची सोडून माझ्याशी शेवटचं कधी बोललास?"

मी म्हणालो, "मग हे सगळं कुणासाठी चाललंय?"

बोलायला नको होतं. शब्द तोंडातून गेला आणि तिचा चेहरा मिटला. तिचं बरोबर आहे. घरात शिरतो ते मोजपट्टी काढत. पण मी थांबलो की मला तो जिना दिसतो आणि ती चादर. नाही सहन होत.

५ एप्रिल

उतरली!!

खुर्ची परवाच पुरी झाली, मोटरही बसली. सगळे दारांत उभे. काकूसुद्धा. मी खुर्चीच्या मागे, कटकट्या पुढे. वळणावर तिनं डोळे मिटले. पट्टे करकरले, पण वळली! शेवटची पायरी उतरल्यावर तिनं ऊन हातावर घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मला रडू आवरेना, सगळ्यांदेखत.

मेहुणी गाडी घेऊन आलीच होती. "दोन दिवस नेते हं ताईला." आज नाही म्हणवेना. गाडीत बसताना बायकोनं माझा गाल धरला. किती दिवसांनी! म्हणाली, "फार मेहनत केलीस रे."

खुर्ची तिनं बरोबर नेली. गादी तिला आवडली.

७ एप्रिल

घर खायला उठतं. तिच्या खिडकीशी बसलो. समोर टाकी आणि एक भिंत. एवढंच दिसतं इथून? हे मला माहीत नव्हतं.

चढताना मोटर दमेल का, तेवढं बघायचं राहिलंय. ती आली की करू.

१० एप्रिल

तिचा फोन. आवाज शांत, आधी ठरवून ठेवल्यासारखा. "खुर्ची छान चालते. अंगणात फिरते मी रोज. मला वर यायचं नाहीये आता. परत कधीच." मी मोटरबद्दल बोलायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

११ एप्रिल

कटकट्यानं कारखान्यात विचारलं, "काय रे, चढायची चाचणी झाली का?"

झाली, म्हटलं. सगळं बोंबललं, पण वळणावर नाही अडकली.