आईला पाहायचा होता तो सिनेमा

नाशिक, रविवार

ती. शेखरदादास हर्षालीचा नमस्कार,

वहिनींची कंबर कशी आहे? तुझी साखर? इकडे आईचे गुडघे दुखतात आणि ती कोणाचं ऐकत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. (कागदही मधेच ठेवता येतो, हे मला कळतं.)

काल आम्ही सिनेमाला गेलो. ठेवलेल्या बायकांच्या आयुष्यावरचा, गंभीर. ('ठेवलेल्या' हा शब्द दोनदा खोडला. दुसरा सापडला नाही, याची लाज वाटते.) हट्ट आईचा. मी दोन तिकिटं काढत होते, तर म्हणाली, "तीन काढ. देवळाली कॅम्पच्या दीपमालाला फोन केलाय. यातलं खरंखोटं तिलाच कळेल." दादा, अप्पा वीस वर्षं दर बुधवारी "कॅम्पात जाऊन येतो" म्हणायचे आणि आपण सगळे खाली मान घालून जेवायचो, तीच ही दीपमाला. अप्पा गेले तेव्हाच आईने त्यांच्या मोबाइलमधून तिचा नंबर उतरवून घेतला होता म्हणे.

थिएटरात मी मुद्दाम मधे बसले. (दोघींना एकमेकींपासून वाचवायला, की मला सगळं ऐकू यावं म्हणून, हे अजून ठरत नाही.) पडद्यावर नायिका जरीची साडी नेसून, गजरा माळून खिडकीत वाट बघत उभी. आई माझ्यावरून वाकून म्हणाली, "असं असतं का गं?"

"छे हो ताई, मी गाऊनवर असायचे. आणि ते चहा पिऊन घोरायचे."

"अगंबाई, तिकडेही?"

दोघी अशा हसल्या की पुढचा माणूस वळून म्हणाला, "मावशी, लय दुःखाचा सीन चालूय हो."

मध्यंतरानंतर सिनेमातला माणूस वारला. नायिका धावत आली आणि तिने प्रेताला मिठी मारली. दीपमाला उठली, बाहेर गेली. मी मागोमाग. पॉपकॉर्नच्या काउंटरजवळ उभी राहून म्हणाली, "हिला निदान कोणी सांगितलं तरी. मला कोण सांगणार? एक बुधवार आले नाहीत, दुसराही नाही. मी रुसून बसले. आले की दारच उघडायचं नाही, असं ठरवलं होतं. तेरावं झाल्यावर कळलं. तोवर मी मनात भांडतच होते त्यांच्याशी."

तेवढ्यात आई भिंतीला धरत बाहेर आली, म्हणाली, "आत काय बघायचं राहिलंय? चला." रिक्षात दीपमालाची पिशवी आईने स्वतःच्या मांडीवर घेतली होती.

तेव्हा सिनेमा चांगला की वाईट, ते सांगता येत नाही. रोहितला आशीर्वाद.

तुझी
हर्षाली

ता. क. पत्र सिनेमाबद्दल नाही, हे तू ओळखलं असशील. येत्या गुरुवारी तुझ्याकडे अप्पांचं वर्षश्राद्ध. दीपमालाने येऊ का म्हणून विचारलं नाही. तुमच्या ओझरची बस कुठून सुटते, एवढंच विचारलं. तिचं नाव घरात काढायचं नाही, असं तू म्हणाला होतास. नाव नको काढूस. दारात उभा राहून "या" म्हणशील?

आणखी एक. हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, विनवण्या कसल्या करतेस, दीपमाला येतेय म्हणून कळव. आणि रडायला लागली तर तिला कोणी आतल्या खोलीत नेऊ नका म्हणावं. बाहेर, सगळ्यांत बसून रडू दे.