फायरवॉलच्या रोजच्या पुट्टीची तजवीज

तक्रार प्रथम. मृत्युपत्रासाठी वकिलांनी मुद्दाम आणून दिलेल्या या जाड, खानदानी कागदावर शाई फुटते. माणूस मरतो एकदाच. तेवढ्यापुरता तरी धड कागद मिळावा, ही माझी अपेक्षा होती. ती आजपासून सोडून दिली आहे.

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, हे माझ्या खुशीने लिहिते आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. काय शाबूत नाही तेही त्यांनीच सांगितलं. त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

कलम १. बँकेतली शिल्लक आणि बांगड्या लेकीला. त्यातल्या जाड बांगडीवर नणंदेचा फार वर्षांपासून डोळा आहे. डोळा तिच्याकडेच राहू द्यावा.

कलम २. सासऱ्यांची जुनी गाडी. सध्या माझ्या नावावर, घरच्या गॅरेजमध्ये, इंजिन उतरवलेल्या अवस्थेत. धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, भंगारातसुद्धा बरी किंमत येईल.” भावजी, भंगार कशाला म्हणावं यावर आपलं एकमत होणार नाही.

गाडी नव्यासारखी करायची म्हणून ह्यांनी इंजिन काढलं आणि त्यामागची पत्र्याची आडभिंत साफ करायला घेतली. इंजिन आणि आपले पाय यांच्यामधली ही भिंत. गॅरेजवाले तिला फायरवॉल म्हणतात. तिच्यावर जुनं तेल, गंज आणि कुठल्या काळच्या कसल्या क्लिपांची भोकं. नको ती भोकं वेल्डिंगने बुजवायची, वर पुट्टी, मग घासायचं. हात फिरवला तर कुठे अडता कामा नये. महिनोन्महिने हेच.

“माझ्या पाठीवरून कधी एवढा हात फिरवला होता?” मी विचारलं.

“तुझी पाठ मुळातच गुळगुळीत आहे गं.”

भिंत आरशासारखी झाली तेव्हा दाखवायला डेंटरला, गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणाऱ्याला, बोलावलं. हा माणूस बोलायला लागला की आवरत नाही. त्या दिवशी त्याने भिंतीवरून नुसता हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “काम एक नंबर, साहेब. पण स्टिअरिंगचा दांडा कुठून घेणार?”

दांड्याचं भोक बुजवलं होतं. ॲक्सिलरेटरच्या तारेचं, वायरिंगचं, ब्रेकचं, सगळी. जोड कुठे दिसत नव्हता.

“कसला दांडा?” ह्यांनी विचारलं.

आमच्या घरात ह्यांचा आजार असा कळला. डॉक्टरांनी नाव नंतर दिलं.

आता त्यांना लेकीचं नाव आठवत नाही. माझं अधूनमधून आठवतं. हात मात्र काही विसरलेले नाहीत. चहा झाला की फायरवॉलपाशी उभे राहून घासत असतात. घासायला काही नसलं की रस्त्याला लागतात. एकदा पोलिसांनी आणून सोडलं. तेव्हापासून ते जेवायला बसले की मी भिंतीवर पुट्टीचा हात मारते. सकाळी त्यांना काम असतं.

कलम ३. राहतं घर लेकीला. तिचं माझं बोलणं झालं आहे.

“आई, किती दिवस चालवणार हे?”

“पुट्टी काही महाग नाही.”

“मी पुट्टीचं विचारत नाहीये.”

“माहीत आहे.”

अशा माणसांना सांभाळणारी एक संस्था तिने पाहून ठेवली आहे. स्वच्छ आहे, माणसं प्रेमळ आहेत. तिचीही नोकरी आहे, मुलं आहेत. ती वाईट नाही, दमलेली आहे. बाबांना घरीच ठेवून रोज पुट्टी लावली तरच घर, अशी अट मी घातली होती. काल खोडली. अटीने लावलेली पुट्टी बसत नाही.

म्हणून फक्त विनंती. त्यांना तिथे पाठवणं भाग पडलं, तर फायरवॉल कापून सोबत द्यावी. डेंटरने माप घेऊन ठेवलं आहे, स्टँडही तोच करून देईल. संध्याकाळी कोणीतरी हात मारावा, ओबडधोबड चालेल. आडभिंत कापली की गाडी गाडी राहत नाही. उरेल ते भावजींना द्यावं. आपलंच म्हणणं खरं झालं याचा त्यांना आनंद होईल.

कलम ४. सकाळी पुट्टी पाहून ते रोज भडकतात. “कोणी थापली ही? डेंटर आहे की गवंडी?” मी “डेंटरनेच” म्हणत आले, कारण माझं नाव सांगितलं तर त्यांना वाईट वाटतं. डेंटर समोर असला तर खाली मान घालून म्हणतो, “चुकलं साहेब, उद्या नीट लावतो.” तेव्हा लिहून देते: या घरातली वाकडी पुट्टी माझ्या हातची. त्याच्या कामात मला कधीही खोट सापडलेली नाही.

ठिकाण: राहतं घर.
दिनांक: तीन, शनिवार.
सही: केली आहे, शाई फुटली आहे.

साक्षीदार १: घरचे डॉक्टर.
साक्षीदार २: डेंटर. “वहिनी, चौथं कलम खोडा,” म्हणत होता. खोडलेलं नाही.